ॲल्युमिनियमसाठी घरी वेल्डिंग मशीन घेताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेकडे हौशी कारागीर गल्लोगल्ली आहेत. कुणाला बुलेटला सामानाचं कॅरिअर करायचं असतं, कुणाला द्राक्षबागेतल्या ब्लोअरचा तुटलेला ब्रॅकेट घरीच जोडायचा असतो. लोखंडावर हात बसला की पुढची ओढ ॲल्युमिनियमची, आणि पैसे इथंच वाया जातात. खोक्यावरचा अँपिअरचा आकडा सगळेच बघतात. पण टिग वेल्डिंगला (टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकातून आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, काढून गॅसच्या आडोशात करायचं वेल्डिंग) एसी, म्हणजे दिशा बदलणारा प्रवाह, आहे का, हे विचारायचं राहून जातं.

डीसी टिग घेणं

दुकानात आणि ऑनलाइन सर्वांत जास्त दिसतं ते डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या प्रवाहाचं टिग. लोखंड आणि स्टेनलेसला ते उत्तम आहे. ॲल्युमिनियमच्या अंगावर मात्र ऑक्साइडची साय कायम धरलेली असते. धातू ६६० अंशांना वितळतो, पण ही साय वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणून साध्या डीसीवर आतला धातू पाणी होतो, वरचा थर तसाच राहतो, जोडात भरायचा फिलर रॉड मिसळत नाही आणि बघता बघता पत्र्याला भोक पडतं. एसीमध्ये प्रवाहाची दिशा सतत बदलते. एका फेरीत ऑक्साइड फुटून निघतो, दुसऱ्या फेरीत धातू तापतो.

‘थ्री इन वन’ मशीनवर मिग (रिळातून सतत येणाऱ्या वायरचं वेल्डिंग), टिग आणि रॉड (हातात धरायच्या कांडीचं साधं वेल्डिंग) असं तिन्ही लिहिलेलं असतं, पण त्यातलं टिग बहुतेक वेळा डीसीच निघतं. गॅसशिवाय चालणाऱ्या वायरच्या मिगवर तर ॲल्युमिनियमचा विचारच करू नका. खरं एसी-डीसी मशीन बरंच महाग पडतं, हे मान्य. तेवढं बजेट नसेल तर थांबा आणि पैसे जमवा. अर्ध्या किमतीत घेतलेलं डीसी मशीन या कामाला उपयोगी पडत नाही.

दुकानात जाताना आपल्याच कामातला तुकडा सोबत न्या आणि समोर टाका मारून दाखवायला सांगा. जोड चकचकीत दिसायला हवा आणि त्याच्या दोन्ही कडांना दुधी, पांढुरकी पट्टी उमटायला हवी. एसीने ऑक्साइड साफ केल्याची ती खूण आहे. पट्टीच नसेल आणि जोड काळवंडलेला, सुरकुतलेला असेल, तर दुकानदार काहीही म्हणो, ते मशीन घेऊ नका.

मग मिग का नाही?

जाड काम भराभर करायचं असेल तर मिग चांगलं. पण ॲल्युमिनियमची वायर मऊ असते. लांब केबलमधून ढकलली की रोलरपाशी गुंता होतो. त्यासाठी स्पूल गन (वायरचं रीळ हातातल्या गनवरच असलेली) किंवा निदान यू आकाराच्या खाचेचे रोलर आणि केबलच्या आत टेफ्लॉनचं अस्तर (लायनर) हवं. लोखंडासाठी वापरतात तो कार्बन डायऑक्साइड किंवा त्याचं मिश्रण इथं चालत नाही, शुद्ध आर्गॉनच लागतो. दोन-तीन मिलिमीटरच्या आतल्या पत्र्याला घरगुती मिग सहसा भोकं पाडतं. हौशी कामात पातळ पाइप आणि खिडक्यांचे सेक्शनच जास्त असतात, म्हणून माझा कौल टिगला.

अँपिअर मोजताना

ढोबळ हिशेब असा: दर मिलिमीटर जाडीला साधारण ४० अँपिअर. म्हणजे ३ मिमीच्या पट्टीला १२० ते १३०. ॲल्युमिनियम उष्णता फार वेगाने पसरवतं, म्हणून थोडी जास्तीची ताकद हाताशी ठेवायला २०० अँपिअरचं मशीन घरासाठी पुरेसं आहे. पण त्याची ड्यूटी सायकल वाचा. २०० अँपिअरला २५ टक्के असेल, तर दहा मिनिटांत अडीच मिनिटं आर्क आणि बाकी विश्रांती. हा आकडा ४० अंश तापमानाला मोजलेला आहे का, हेही विचारा. कमी तापमानाला मोजलेला आकडा कागदावर मोठा दिसतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तशा मशीनची थर्मल लाइट (जास्त तापल्याचा दिवा) सारखी लागत राहते.

पायाचं पेडल सोबत मिळत असेल तर जरूर घ्या. जोड पुढे सरकतो तसा तुकडा तापत जातो आणि शेवटी करंट कमी करावाच लागतो. तो पायाने करता आला की कडा गळत नाहीत.

विजेचा विचार शेवटी करणं

मला सगळ्यात काळजी वाटते ती याची. सिंगल फेजवर २०० अँपिअरचं टिग पूर्ण ताकदीने चालवलं, तर ते मेनमधून २५ अँपिअरच्या पुढे खेचतं. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट त्यासाठी नाही. मीटरपासून वेगळी तांब्याची वायर, त्याला साजेसा एमसीबी आणि नीट अर्थिंग, हे काम चांगल्या वायरमनकडून आधी करून घ्या. महावितरणकडे मंजूर असलेला भार बिलावर बघा. कमी असेल तर वाढवून घ्या. एक्स्टेंशन बोर्डची वायर गुंडाळलेलीच ठेवून मशीन चालवू नका, ती आतून तापते. तासगाव-पलूसकडे शेडमध्ये काम करणाऱ्यांनी शेतीपंपाच्या कनेक्शनवर मशीन लावू नये. मंजूर कामाखेरीज वीज वापरल्यास २००३च्या वीज कायद्यातलं कलम १२६ लागू शकतं.

गॅसचंही तसंच. टिगलाही आर्गॉन लागतो; मिनिटाला १० लिटर धरले तर ७ घनमीटरचा मोठा सिलिंडर साडेअकरा तास आर्क देतो, आणि १० लिटर पाणी मावेल एवढा छोटा जेमतेम अडीच तास. छोटा सिलिंडर नेणं-आणणं सोपं, पण भरताना तो महाग पडतो. कुठं भरून मिळतो हे मशीन घेण्याआधीच शोधा.

जोड बिघडतोय?

काळी पावडर येत असेल तर आधी गॅस तपासा: बाटलीत खरंच शुद्ध आर्गॉन आहे का, पंख्याचा वारा लागतोय का. मिगवर टॉर्च (हातात धरायची गन) ओढत नेला तरी काळं पडतं, तो पुढे ढकलत न्यायचा.

जोडात बारीक छिद्रं पडली की कारण बहुधा ओल किंवा तेल. कृष्णाकाठच्या पावसाळ्यात हवा दमट असते, त्यामुळे उघडे पडलेले रॉड खराब होतात. ते बंद नळीत ठेवा. पत्रा ॲसिटोनने पुसा आणि मग फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेसच्या ब्रशने घासा. क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर मात्र कधीही नको. आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो.

टिगमधल्या टंगस्टनचं टोक मोठा गोळा होऊन डुलत असेल, तर एसी बॅलन्समध्ये (एसीच्या दोन फेऱ्यांची वाटणी ठरवणारी सेटिंग) साफसफाईचा वाटा कमी करा. लँथेनेटेड (लँथेनम मिसळलेलं) टंगस्टन वापरा, लाल पट्टीचं थोरिएटेड (थोरियम मिसळलेलं) एसीला नको. जोडाला भेगा जात असतील तर रॉड बदलून बघा. खिडकीच्या ६०६३ मिश्रधातूच्या सेक्शनला ४०४३ क्रमांकाचा रॉड चांगला चालतो. ७०७५ सारखा मिश्रधातू मात्र घरी जोडायला घेऊच नका.

जुनं मशीन घेणार असाल तर कव्हर उघडून आत बॅटरीचा उजेड मारून बघा. २०१९ आणि २०२१च्या महापुरात इथं बऱ्याच ठिकाणी पाणी शिरलं होतं. सर्किट बोर्डच्या कडेला, पंख्याच्या पात्यांमागे किंवा स्क्रूच्या खाचांत वाळलेला गाळ दिसला, टर्मिनलवर हिरवट थर दिसला, तर मशीन त्या क्षणी सुरू होत असलं तरी घेऊ नका. असं काही नसेल तर तिथंच एसीवर घेऊन १२० अँपिअरला दोन मिनिटं सलग आर्क धरून बघा. थर्मल लाइट लागली किंवा आर्क अडखळला, तर सौदा तिथंच थांबवा.