जुन्या दुकानाचा मंजूर नकाशा आधी काढा

नवी पेठेतलं वडिलोपार्जित दुकान वाढवायचं, पण जुना मंजूर नकाशा घरात कुणाकडेच नाही. बांधकाम परवानगीची फाइल इथेच अडते, आणि इंजिनिअर नव्याने मोजमाप करून फी लावतो ती वेगळीच.

आधी सिटी सर्व्हे ऑफिसातून मिळकत पत्रिकेचा (प्रॉपर्टी कार्डाचा) ताजा उतारा काढा. मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. सिटी सर्व्हे नंबर, जुन्या मालकाचं नाव आणि बांधकामाचं अंदाजे साल लिहा. ‘सगळी कागदपत्रं द्या’ असं मोघम लिहू नका. ‘मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र यांच्या साक्षांकित प्रती’ एवढंच मागा; भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे पूर्ण झालेली इमारत वापरायला पालिकेने दिलेली परवानगी. उत्तराची मुदत 30 दिवस, म्हणून हे काम दिवाळीनंतर नाही, आधीच उरकायचं. पोच मात्र शिक्क्यासह घ्याच.

रंग, गिलावा, फरशी बदलायला परवानगी लागत नाही. पोटमाळा टाकणं, भिंत पुढे सरकवणं किंवा राहत्या खोलीचं दुकान करणं असेल तर मंजुरी हातात येईपर्यंत गवंड्याला घणसुद्धा उचलू देऊ नका.