भाजणी खपवायचीय? आधी आठ-दहा हौशी माणसं गाठा

इंदूरात घरगुती खाण्याचा धंदा काढणारे बरेच जण आधी लोगो, मग इन्स्टा पेज, मग पॅम्प्लेट या क्रमाने जातात आणि हातातले पैसे तिथेच संपतात. उलटं करा. आधी आठ-दहा माणसं शोधा ज्यांना तुमची वस्तू मनापासून आवडलीय.

ओळखायचं कसं? नातेवाईक धरू नका, ते कौतुक करणारच. जिने पैसे देऊन दुसऱ्यांदा पाकीट नेलं आणि आपणहून जावेला सांगितलं, ती आपली. आणि ही माणसं शक्यतो एकमेकांच्या ओळखीची हवीत, रामबागेतल्या एकाच भिशीतल्या चौघी, नाहीतर सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला बरोबर जाणारा ग्रुप, कारण गावभर विखुरलेल्या चौघींचं बोलणं तिथल्या तिथे विरतं पण एका भिशीत चौघी तेच बोलल्या की बाकीच्या विचारतातच, काय गं, मला नाही दिलंस ते?

आता खरं काम, ते म्हणजे करून दाखवणं. टपरवेअरचे डबे 1946 ला बाजारात आले पण दुकानात नीट खपेनात, झाकण दाबून हवाबंद कसं करायचं तेच लोकांना कळत नव्हतं. मग ब्राउनी वाइज नावाच्या बाईंनी घरोघरी बायका जमवून ते दाखवायची पद्धत इतकी जोरात चालवली की 1951 मध्ये कंपनीने दुकानातून माल काढूनच घेतला. भाजणीचं अगदी तसंच आहे हो. शेजारच्या मारवाडी भाभी पाकीट बघून विचारणार, ये बेसन है क्या? त्यांना माहितीपत्रक देऊन काय होणार! तुमच्या हौशी काकूंनी त्यांच्यासमोर कांदा-कोथिंबीर घालून पीठ भिजवावं, ओल्या फडक्यावर थापावं, मधे भोकं पाडून तव्यावर टाकावं, भोकांत तेल सोडून झाकण ठेवावं, आणि कडा कुरकुरीत झाल्या की दह्याबरोबर गरम गरम पुढे करावं. मग पाकीट विकावं लागत नाही.

म्हणून या काकूंना छोटी सॅम्पल पाकिटं देत जा, दोन थालिपिठांपुरती. कमिशन मात्र देऊ नका, प्लीज. एकदा कमिशन आलं की समोरच्याला वाटतं ही विकायला आलीय, आणि तिचा शब्द हलका होतो. त्याऐवजी तिचं ऐका. धणे जास्त झालेत म्हणाली तर पुढच्या घाण्याला कमी करा आणि आवर्जून तिला चव बघायला द्या.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याची, नोंदणी आधीच करून घ्या, नंबर पाकिटावर हवा.

अनोळखी ऑर्डर आली की पहिला प्रश्न, कोणी सांगितलं तुम्हाला? ते नाव वहीत लिहा. जे नाव परत परत येतंय त्या घरी दिवाळीच्या चकली भाजणीचं पहिलं पाकीट स्वतः नेऊन द्या, आणि त्यांच्या ओळखीत अजून कोणाकडे भिशी असते तेही विचारून या.