जुना क्रू, नवा अल्बम आणि प्रोड्यूसरची निवड

जुना ग्रुप पुन्हा जमवून अल्बम करायला निघालेले, चाळिशीला टेकलेले रॅपर माझ्याकडे येतात ते बहुतेकदा बीट, म्हणजे रॅपखालचं तयार संगीत, घेऊनच. लॅपटॉपमध्ये डझनभर बीट, प्रत्येक वेगळ्या पोराचा, निम्मे यूट्यूबवरून लीजवर, म्हणजे इतरांनाही दिले जाणारे, भाड्याने घेतलेले. मग प्रश्न, "ताई, यातलं कुठलं वाजेल?" मी डोंबिवलीत मिक्सिंग करते, म्हणजे रेकॉर्ड झालेले आवाज आणि वाद्यं एकत्र बसवते. माझ्यापर्यंत गाणं येतं तेव्हा सगळं ठरून गेलेलं असतं आणि प्रोड्यूसर, म्हणजे बीट बनवून गाण्याला आकार देणारा, चुकला असेल तर मिक्समध्ये तो दुरुस्त होत नाही. म्हणून त्याआधी काय करायचं ते सांगते.

पहिल्यांदा बीट बंद करा. प्रत्येकाने नुसत्या क्लिकवर, म्हणजे तालाच्या टिकटिकीवर, एक जुना व्हर्स (रॅपचं कडवं) आणि एक नवा व्हर्स म्हणायचा, सलग, पंच-इन (मध्येच थांबून तुकडा पुन्हा रेकॉर्ड) न करता. पंचविशीतला आवाज आता खाली उतरलेला असतो, श्वास लवकर संपतो, पण शब्द जास्त स्पष्ट येतात. कोण कुठल्या ओळीवर दम घेतो ते लिहून ठेवा. मिनिटाला ९५ ठोक्यांच्या टेम्पोवर धापा टाकणारा माणूस ८६वर भारी वाटू शकतो. हे रेकॉर्डिंग म्हणजे तुमची परीक्षेची प्रश्नपत्रिका, प्रोड्यूसरला द्यायची.

मग ठरवा, प्रोड्यूसर घरचा की बाहेरचा. दोन्ही चालतं. सायप्रस हिल या अमेरिकन रॅप ग्रुपने २०१८चा अल्बम आपल्याच डीजे मग्जकडून करून घेतला आणि २०२२चा 'बॅक इन ब्लॅक' डेट्रॉइटच्या ब्लॅक मिल्क या बाहेरच्या प्रोड्यूसरकडे सोपवला. क्लिप्स या व्हर्जिनियाच्या भावांचं उदाहरण उलटं. २००९च्या अल्बमात त्यांनी नेपच्यून्स, म्हणजे फॅरेल आणि चॅड ह्यूगो या त्यांच्या घरच्या प्रोड्यूसर जोडीबरोबर बाहेरचेही प्रोड्यूसर घेतले होते. जुलै २०२५ मध्ये परतले ते मात्र अख्खा अल्बम फॅरेलच्या हाती देऊन. फॅरेल तेव्हा पॅरिसमध्ये लुई व्हिटाँ या फॅशन कंपनीचं काम बघत होता, तर हे तिथे जाऊन रेकॉर्ड करत होते.

२०१८, २०२२ आणि २०२५च्या या तिन्ही अल्बमांत माझ्या लेखी महत्त्वाचं एकच: प्रत्येकाला धनी एक होता. परतणाऱ्या ग्रुपला डझनभर बीटमेकर परवडत नाहीत. पैशाने नव्हे, आवाजाने. लोकांना तुम्ही पुन्हा एकत्र ऐकू यायला हवे असता आणि दर तीन मिनिटांनी ड्रमचा पोत बदलला की ते अल्बम न वाटता मिक्सटेप, म्हणजे सुट्या गाण्यांची मोट, वाटते. पाहुणा म्हणून एखादं गाणं दुसऱ्याला द्या, हरकत नाही.

धनी नेमलात तर शेवटचा शब्द कोणाचा हेही आधीच बोलून घ्या. वू-टँग क्लॅन या रॅप ग्रुपचा '८ डायग्रॅम्स' २००७ मध्ये आला तेव्हा ग्रुपमधल्याच रेक्वॉन आणि घोस्टफेस किला यांनी रिझाच्या प्रॉडक्शनवर उघडउघड नाराजी बोलून दाखवली. २०१४च्या अल्बमाच्या वेळी रेक्वॉन आणि रिझा पुन्हा भिडले. रिझा म्हणजे ज्याने हा ग्रुप उभा केला, तो माणूस! त्याच्याबाबतीत हे होतं, तर तुमच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काय होईल याचा विचार करा.

आता चाचणी. दोन किंवा तीन जणांना तीच क्लिकवरची अकापेला (संगीताशिवायचा नुसता आवाज) पाठवा आणि आठवड्याची मुदत द्या. चाचणीचे पैसे द्या, फुकट मागितलं की उरलेसुरले बीट येतात. परत आलेल्या स्केचमध्ये बीट किती जोरात वाजतो हे शेवटी बघा. आधी बघा, त्याने तुमच्या श्वासांना जागा ठेवली आहे का, आणि त्याने काही प्रश्न विचारले का. "दुसऱ्या व्हर्समधल्या चार बार (ओळी) काढा, तेच पुन्हा सांगताय" असं म्हणणारा मिळाला तर सोडू नका. "दादा, तुम्ही लेजंड आहात, काहीही चालेल" म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या.

रेकॉर्डिंगला सगळे एका खोलीत हवेत. यावर मी हटून बसते आणि त्याला कारण अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट हा न्यूयॉर्कचा रॅप ग्रुप. नोव्हेंबर २०१५ मध्ये जिमी फॅलनच्या अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात एकत्र वाजवल्यावर त्यांनी नवा अल्बम करायचं ठरवलं, १९९८ नंतरचा पहिलाच. ग्रुपमधल्या क्यू-टिपच्या न्यू जर्सीतल्या घरच्या स्टुडिओत काम सुरू झालं आणि त्याने अट घातली की व्हर्स ईमेलने येणार नाहीत, प्रत्येकाने स्वतः यायचं. त्याचा जोडीदार रॅपर फाइफ डॉग मधुमेहाने बेजार होता, राहायला कॅलिफोर्नियात, तरी तो येत राहिला. २२ मार्च २०१६ रोजी तो गेला. ११ नोव्हेंबरला अल्बम निघाला आणि बिलबोर्डच्या अमेरिकन अल्बम यादीत पहिला आला. त्यात क्यू-टिप आणि फाइफ एकमेकांची ओळ अर्ध्यातून उचलतात, ते ईमेलवर जमत नाही. तुमच्यातला कोणी पुण्यात, कोणी दुबईत असेल तर बाकी खर्च कापा आणि तिकिटं काढा.

एखादा सोबती हयात नसेल तर क्रम बदलतो. आधी घरच्यांची लेखी परवानगी, मग हार्ड डिस्क, मग बीट. गँग स्टार या जोडीतला रॅपर, गुरू नावाचा, २०१० मध्ये गेला. त्याचा जोडीदार डीजे प्रीमियरने २०१९चा अल्बम केला तो गुरूच्या राहिलेल्या रेकॉर्डिंगभोवती नवे बीट बांधून. मॉब डीप या जोडीतल्या दिवंगत प्रॉडिजीच्या आवाजासह ऑक्टोबर २०२५ मध्ये अल्बम आला, प्रॉडक्शन त्याचा जोडीदार हॅवॉक आणि जुना प्रोड्यूसर अल्केमिस्ट यांचं, म्हणजे तो आवाज वर्षानुवर्षं ऐकलेल्या माणसांचं. अशा कामाला नवा, हुशार पण अनोळखी प्रोड्यूसर मी तरी सुचवणार नाही.

सॅम्पलचं, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्यांचं, बोलल्याशिवाय अॅडव्हान्स देऊ नका. डे ला सोल या रॅप ग्रुपचे सुरुवातीचे अल्बम सॅम्पलच्या हक्कांच्या भानगडीत अडकून स्ट्रीमिंगवर आले ते थेट मार्च २०२३ मध्ये, आणि त्यांच्यातला रॅपर डेव्ह त्याच्या काही आठवडे आधीच वारला होता. २०१६च्या अल्बमासाठी मात्र त्यांनी वाट काढली होती: किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर १ लाख १० हजार डॉलर मागितले, ६ लाखांहून जास्त जमले. वादक बसवून २०० तासांहून अधिक जॅमिंग रेकॉर्ड केलं आणि स्वतःच्याच टेपमधून सॅम्पल कापले. आपल्याकडे हे स्वस्तात होतं. जुन्या लावणीचा तुकडा उचलण्यापेक्षा एक ढोलकीवाला आणि एक पेटीवाला दुपारभर बसवा, मानधन द्या, रेकॉर्डिंगचे हक्क तुमच्याकडे राहतील असं लिहून घ्या.

लीजचा बीट अल्बमात नको. तोच बीट उद्या सांगलीतल्या एखाद्या पोराच्या गाण्यात ऐकू येईल, आणि लीजमध्ये बहुधा स्ट्रीमची मर्यादाही असते. एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त तुमच्यासाठीचा घ्या, स्टेमसकट, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइलसकट. गाणं ज्या दिवशी तयार होईल त्याच दिवशी टक्केवारीचा कागद करा: शब्द कोणाचे किती, संगीत कोणाचं किती, मास्टर, म्हणजे अंतिम रेकॉर्डिंग, कोणाच्या नावावर, खाली सगळ्यांच्या सह्या. शब्द आणि संगीत करणाऱ्यांनी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घेतलं नसेल तर रिलीजआधी घ्या. ज्या मित्राला "आपल्यात कसले कागद" असं वाटतं, त्याची सही पहिली.

आणि माझ्याकडे येताना स्टेम २४ बिटच्या वेव्हमध्ये, सगळे शून्यापासून सुरू होणारे, फाइलवर गाण्याचं आणि रॅपरचं नाव. 'फायनल फायनल नवीन' नावाचं फोल्डर मी उघडत नाही.