टीव्ही बॉक्स घेताना स्टिकर नको, चिप वाचा

नाशिकच्या एम.जी. रोडवर अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घ्यायचा असेल, तर खोक्यावरच्या ‘८के’ आणि ‘८ जीबी’वर जाऊ नका. यातल्या बऱ्याच बॉक्समध्ये ॲमलॉजिकच्या एस९०५ मालिकेची चिप असते आणि नावापुढच्या एका अक्षराने खूप फरक पडतो. एस९०५डब्ल्यू, एक्स आणि एक्स२ मध्ये चार ए५३ कोअर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग. एक्स३, एक्स४ मध्ये त्याहून नवे, वेगवान चार ए५५. एव्ही१ या नव्या फॉरमॅटचा व्हिडिओ हार्डवेअरवर या पाचांपैकी फक्त एक्स४ चालवते.

जाताना पेनड्राइव्हवर एडा६४ हे चिपची माहिती दाखवणारं ॲप आणि ४के एव्ही१ची छोटी क्लिप घ्या. ॲपमध्ये चिपचं नाव बघू नका, ते फर्मवेअरमध्ये, म्हणजे बॉक्सच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, सहज बदलता येतं. कोअर कोणता दाखवतोय ते बघा. एक्स४ सांगून ए५३ किंवा ए३५ दिसला, तर बॉक्स परत द्या. ए५५ दिसला तरी तो एक्स३ असू शकतो, म्हणून क्लिप लावा. एक्स३ला ती सॉफ्टवेअरने उलगडावी लागते, त्यामुळे चित्र अडखळतं.

वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची, पातळीही नक्की तपासा, लोक हेच विसरतात. डीआरएम इन्फो ॲपमध्ये एल३ ही सर्वांत खालची पातळी दिसली, तर चिप कितीही चांगली असली तरी नेटफ्लिक्स एचडीत दिसणार नाही.

घरी बॉक्स टीव्हीमागे कोंबू नका. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात चिप तापली की स्वतःचा वेग कमी करते. खालच्या जाळीला बोटभर मोकळी जागा हवीच.