सकाळची नाडी पाहून व्यायामाचा जोर कसा ठरवावा

हृदयाला बाहेरून काहीच हुकूम आला नाही, तर ते आपल्या तालाने मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. निवांत बसल्यावर नाडी ७०च्या आसपास लागते, कारण स्वायत्त (म्हणजे आपोआप चालणाऱ्या) मज्जासंस्थेतली व्हेगस नर्व्ह, मेंदूपासून हृदयापर्यंत येणारी नस, त्याचा लगाम धरून असते. व्यायाम सुरू झाला की आधी हा लगाम सैल सुटतो, मग अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारा तिचाच भाग, वेग वाढवते. पण अपुरी झोप, अंगात मुरणारा ताप किंवा कालचा अति व्यायाम यांनीही हेच होतं, आणि ते सकाळी नाडीत कळतं.

१. नाडी मोजा. जाग आल्यावर पडल्यापडल्याच, मोबाइल हातात घेण्याआधी. लघवीची घाई असेल तर जाऊन या आणि दोन-तीन मिनिटं पडून राहा. भरलेल्या मूत्राशयानेही ठोके वाढतात. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर अंगठ्याच्या बाजूला हलकेच टेकवा. मोजायला अंगठा वापरू नका, त्याचीच नाडी जाणवून घोटाळा होतो. पूर्ण ६० सेकंद मोजा.

मोजताना सावकाश श्वास घेऊन पाहा. श्वास आत जाताना ठोके जवळजवळ येतात, सोडताना लांबतात. दचकू नका, ही व्हेगसच्या कामाची खूण आहे. स्मार्ट घड्याळं ‘एचआरव्ही’ (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणून दाखवतात तो आकडा ठोक्यांमधल्या अशाच चढउतारांचा. त्याचा रोजचा आकडा मनावर घेऊ नये, आठवड्याचा कल बघावा.

२. आठवडाभर नोंद ठेवा आणि सरासरी काढा. मुरलेल्या धावपटूची नाडी ४०-५० असू शकते. तिच्याशी बरोबरी करण्यात अर्थ नाही.

३. आजचा बेत ठरवा. सरासरीच्या दोन-तीन ठोके इकडेतिकडे असेल तर ठरलेला व्यायाम करा. सलग दोन दिवस पाच-सात ठोके जास्त लागले तर धावण्याऐवजी चाला, वजनं कमी करा. ताप असेल तर सरळ सुट्टी. ‘घाम गाळला की बरं वाटेल’ हा हट्ट इथे महागात पडतो.

४. थांबताना हळूहळू थांबा. जोरात पळून एकदम उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पाच-दहा मिनिटं संथ चाला. व्यायाम संपताच १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा, मिनिटभराने पुन्हा मोजा. तंदुरुस्ती वाढते तशी ही उतरण मोठी होते. दमछाकीच्या व्यायामानंतरही पहिल्या मिनिटात १२ ठोकेसुद्धा उतरत नसतील, आणि असं वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना सांगा.

५. रात्री श्वास संथ करा. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पाच-दहा मिनिटं पुरे. श्वास कोंडायचा नाही. गरगरलं तर सोडून द्या.

स्वस्थ बसूनही नाडी सतत १००च्या वर असेल, ठोके चुकत असतील, छातीत दुखत असेल किंवा भोवळ येत असेल, तर मोजत बसू नका, तपासून घ्या. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी औषधानेच दबलेली असते. व्यायामाचा जोर ठरवायला त्यांना वरच्या आकड्यांपेक्षा बोलण्याची कसोटी बरी: भरभर चालताना पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये.