मोठी मरळ काठाशी आली की...
भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर गळाला लागलेला मोठा मरळ मासा सुटतो तो बहुधा काठापाशीच. हातभर अंतरावर मरळीचं सापासारखं डोकं दिसलं, की आपण घाईनं तंगूस, म्हणजे गळाची दोरी, धरून तिला उचलायला जातो. इथंच घात होतो. पाण्यात तिचा भार पाणी पेलतं, वर काढताच सगळं वजन तंगुसावर येतं. माझी अशीच गेली, गळासकट! म्हणून तंगूस ताणलेला ठेवा, तिनं जोरात ओढ घेतली तर थोडा सोडा. फक्त वेलींत शिरू देऊ नका. दमून आडवी झाली की हातजाळीत डोक्याकडून घ्या. जाळी नसेल तर उतरत्या काठावर हळूहळू ओढत आणा. आणि हो, पावसाळ्यात पिल्लांच्या घोळक्याखाली मरळ दिसली तर गळ टाकूच नका. ती राखणीला असते.