भिगवणला पक्षी पाहायला जाताय? आधी चिखलातल्या तुतवारांचा अभ्यास करा

भिगवणची सहल ठरली की लोक हमखास दोन गोष्टी विचारतात: फ्लेमिंगो आलेत का, आणि लेन्स केवढी न्यावी? फ्लेमिंगो ओळखायला तयारी लागत नाही. चार फूट उंचीचा, लांब मानेचा पक्षी कुणालाही दिसतो. तयारी लागते ती त्याच्या आसपास गाळात चोची खुपसत फिरणाऱ्या लहान, मातकट पक्ष्यांसाठी, म्हणजे तुतवारांसाठी (सँडपायपर). तेच न ओळखता परत आलात, तर भिगवणचा निम्म्याहून अधिक हिवाळा तुम्ही पाहिलाच नाही.

१. तारीख

दिवाळीच्या सुट्टीत धावू नका. भिगवण ज्याच्या काठी आहे तो उजनी धरणाचा जलाशय पावसाळ्यानंतर भरलेला असतो. शेतीला पाणी सुटू लागतं तसा तो आक्रसतो, काठाचा गाळ उघडा पडतो आणि मग तिथे पक्षी उतरतात. शिवाय ऑक्टोबरात आलेल्या बदकांचे बरेच नर मादीसारखेच दिसतात. नवी पिसं येऊन तलवार बदक नि थापट्या रंगात यायला डिसेंबर उजाडतो. माझ्या मते जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंबही (बार-हेडेड गूज) तेव्हा मुक्कामाला असतात. शनिवार-रविवार टाळा.

२. नाव

कुंभारगाव, डिकसळ या काठच्या गावांत मासेमारी करणारी मंडळीच नाव चालवतात आणि पक्षीही दाखवतात. एका नावेत चारच जण बसा. आदल्या दिवशी फोनवर स्पष्ट सांगा: "दादा, फ्लेमिंगो बघूच, पण निम्मा वेळ गाळाच्या काठाशी नाव थांबवायची. आणि थवा उडवायचा नाही." हे शेवटचं वाक्य विसरू नका. उडत्या थव्याच्या फोटोसाठी नाव पक्ष्यांच्या अंगावर घालायला गिऱ्हाईकच सांगतं, मग नावाड्याला दोष कशाला? चरणाऱ्या पक्ष्यांना असं पुन्हापुन्हा उठवणं म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणं आहे. कुरवांना (सीगल) शेव-फरसाण टाकणंही बंद करा.

३. दुर्बीण

८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या; १०× नावेत फार हलते. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला चित्र स्पष्ट करा, मग डावं झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. हे घरी करा, नावेत नको.

४. तुतवारांचा अभ्यास

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथे. त्यामुळे "सगळे सँडपायपर सारखेच, सोडून द्या" हा सल्ला ऐकला की राग येतो. ते सारखे नाहीत. अडचण एवढीच की उन्हाळ्यात उत्तरेकडे वीण करताना त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगावर रंग असतो आणि आपल्याकडे ते हिवाळी पिसाऱ्यात येतात. म्हणून पुस्तकातलं विणीच्या काळातलं चित्र झाका आणि फक्त हिवाळी चित्र पाहा. तीनशे पक्षी पाठ करायची गरज नाही. आठ-दहा पुरेत.

सुरुवात पायांच्या रंगापासून करू नका. नवशिक्यांना पहिल्यांदा हेच शिकवलं जातं आणि ते चुकीचं आहे. गाळात चालणाऱ्या पक्ष्याचे पाय चिखलाने माखलेले असतात. पिवळे, हिरवट, काळे सगळे एकच दिसतात. आधी आकार, मग चोच, मग चाल. पाय सगळ्यात शेवटी.

आकारासाठी मापाचा एक पक्षी धरा. मी शेकाट्या (ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट) धरतो, कारण तो सगळीकडे असतो आणि त्याच्या लांब गुलाबी पायांमुळे चुकत नाही. त्याच्याएवढ्या अंगाचा, लांब सरळ आणि बुडाशी गुलाबी चोचीचा पक्षी पाणटिवळा (गॉडविट). चिमणीएवढा, सतत टोचत पळणारा तो टिलवा, म्हणजे लिटल स्टिंट. या दोहोंच्या मधल्या आकाराचे तीन तुतवार खरी परीक्षा घेतात.

कॉमन सँडपायपर शेपटाकडचा भाग सारखा वरखाली हलवतो आणि त्याच्या छातीच्या बाजूने पांढरा रंग पंखापुढे खांद्याकडे वर चढलेला असतो. तो उडतो तेही पाण्यालगत, ताठ पंखांची तुटक फडफड करत. ग्रीन सँडपायपर वरून गडद असतो. उडाला की काळपट पंखांमागे शेपटीच्या बुडाशी पांढराशुभ्र भाग चमकतो आणि पंखांची खालची बाजूही काळीच दिसते. वुड सँडपायपरच्या पाठीवर ठिपके असतात, पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, आणि पंख खालून फिके असतात. शेपटीच्या बुडाशी पांढरा भाग त्यालाही असतो, म्हणून तेवढ्यावरून निकाल देऊ नका. भुवई आणि पंखाची खालची बाजू पाहा.

ही जोडी पक्की झाली की दुसरी घ्या: चोच सुईसारखी बारीक आणि सरळ असेल तर मार्श सँडपायपर, जाड आणि किंचित वर वळलेली असेल तर ग्रीनशँक.

हे वाचून येत नाही. सहलीआधी दोन-तीन सकाळी जवळच्या पाण्यावर जाऊन बसा. पुणेकरांना मुळा-मुठेचा काठ आहे, मुंबईकरांना ठाण्याची खाडी. एकच पक्षी दहा मिनिटं पाहा, नाव शोधू नका. तो कसा चालतो, कसा उडतो, उडताना काय ओरडतो हे चार शब्दांत लिहा आणि मगच पुस्तक उघडा. कॉमन, ग्रीन आणि वुड या तिघांचे आवाजही आधी ऐकून ठेवा, कारण पुष्कळदा पक्षी दिसण्याआधी ओरडत उडून जातो.

५. कपडे

पहाटे स्वेटर, दहानंतर टोपी आणि पाणी. रंग मातकट. लाइफ जॅकेट घालायचंच.

६. नावेत

सूर्य पाठीशी राहील अशी नाव लावायला सांगा. उन्हाकडे तोंड केलंत तर वर लिहिलेली एकही खूण दिसणार नाही. "दादा, हा कुठला?" असं विचारण्याऐवजी "भुवई लांब आहे, मला वुड वाटतोय, बरोबर ना?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला फक्त नाव मिळतं. दुसऱ्याला दादा थांबतात, दुर्बीण लावतात आणि तुमचं कुठे चुकलं ते सांगतात. खात्री नसलेल्या पक्ष्यापुढे प्रश्नचिन्ह टाका, ओढूनताणून नाव देऊ नका. आणि यादी काठावर उतरल्यावर, माशाच्या थाळीवर बसण्याआधी, दादांसोबत एकदा वाचून पूर्ण करा.